टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने, की कंपनीच्या बाँडवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणी भागातलं ऊसशेतीचं घर. मुलीचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (बाहेरचं न दिसता यंत्रांवर उडवण्याची पात्रता) झालं, आणि त्यात 50 लाखांवर खर्च झाला. आता एक प्रशिक्षण संस्था 18 लाखांत एअरबस ए-320 चं टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची पात्रता) देऊ म्हणते, आणि ‘रेटिंग असलं की नोकरी पक्की’ असंही सांगते. दुसरीकडे एका विमान कंपनीची भरती निघाली आहे. निवड झाली तर रेटिंगचा खर्च कंपनी करणार, पण 5 वर्षांचा 24 लाखांचा बाँड लिहून घेणार. वडिलांचा प्रश्न: ‘बाँडच्या कटकटीत न पडता 18 लाख भरून मोकळं व्हावं का?’

नोकरीचं लेखी पत्र हातात नसताना 18 लाख भरू नका. बाँड नीट लिहिलेला असेल तर त्या 18 लाखांसाठी काढाव्या लागणाऱ्या कर्जापेक्षा तो स्वस्त पडतो. 24 लाख हा आकडा मुलीने मध्येच नोकरी सोडली तरच अंगावर येतो, 18 लाख मात्र पहिल्या दिवशीच जातात. तेव्हा बाँड कसा वाचायचा, ते आधी शिकून घ्या.

सीपीएल हा धंद्याचा परवाना झाला. पण 5,700 किलोपेक्षा जड विमान उडवायचं तर त्या जातीच्या विमानाची परवान्यावर वेगळी नोंद लागते, तीच टाइप रेटिंग. ए-320 च्या रेटिंगवर ए-319 आणि ए-321 सुद्धा येतात, जुन्या-नव्या इंजिनातला फरक छोट्या प्रशिक्षणाने भरून निघतो. बोइंग 737 चं रेटिंग वेगळं, एटीआर-72 चं वेगळं. आपल्या सांबऱ्याला, म्हणजे बेळगाव विमानतळावर, स्टार एअरची जी एम्ब्रेअर विमानं दिसतात त्यांतही ईआरजे-145 आणि ई-175 ही दोन वेगळी रेटिंगं आहेत. घराजवळ उडणारं विमान म्हणून त्याचं रेटिंग स्वखर्चाने करायचा विचार काही मुलं करतात. तो करू नये. देशात ही विमानं वापरणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, त्यामुळे तिथे जागा मिळाली नाही तर ते रेटिंग दुसरीकडे चालत नाही. कंपनी स्वतः देत असेल तर आनंदाने घ्यावं, पण दुसरीकडे त्याला गिऱ्हाईक कमी म्हणून बाँडची मुदतही कमी मागावी. एटीआरचं तसं नाही. इंडिगो, अलायन्स एअर आणि चोर्ला घाट उतरल्यावर गोव्यातल्या मोपा विमानतळाहून चालणारी फ्लाय91 अशा तीन ठिकाणी ते विमान आहे.

आता 18 लाखांत काय येतं ते बघू. कोर्सची सुरुवात वर्गात आणि संगणकावर होते. विमानाच्या यंत्रणा, हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रिकल, फ्लाइट कंट्रोल, परफॉर्मन्स, वजन-संतुलन हे सगळं साधारण दोन आठवडे चालतं आणि शेवटी लेखी परीक्षा होते. मग न हलणाऱ्या प्रशिक्षण यंत्रावर कॉकपिटमधली कामाची पद्धत बसवतात. त्यानंतर फुल फ्लाइट सिम्युलेटर. त्याची साधारण आठ ते दहा सत्रं असतात, प्रत्येक 4 तासांचं. दोघे वैमानिक जोडीने बसतात, 2 तास एक जण उडवतो आणि दुसरा साथ देतो, मग अदलाबदल. शेवटी परीक्षकासमोर स्किल टेस्ट.

पैसा गळतो तो या जोडीत. संस्थेचा दर दोघांच्या हिशेबाने धरलेला असतो. जोडीदार आजारी पडला, नापास झाला किंवा पैशाअभावी थांबला, तर दुसरी जोडी मिळेपर्यंत तुमची मुलगी गुरुग्रामला किंवा हैदराबादला खोलीभाडं भरत बसते. नाहीतर रिकाम्या खुर्चीत बसणाऱ्या वैमानिकाचे पैसेही तुमच्याकडून मागितले जातात. हे पैसे कोण भरणार ते करारात लिहून घ्या. एखादं सत्र जमलं नाही आणि जादा सत्र लागलं तर त्याचा दर काय, स्किल टेस्ट पुन्हा द्यावी लागली तर परीक्षकाची फी आणि सिम्युलेटरचं भाडं कोणाच्या खिशातून, हेही.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र बेस ट्रेनिंगचा. ज्याने आधी मोठं, दोन वैमानिकांचं विमान उडवलेलंच नाही, त्याचं रेटिंग सिम्युलेटरवर पूर्ण होत नाही. खऱ्या विमानावर, प्रवासी न घेता, प्रशिक्षकासोबत ठरावीक उड्डाणं आणि अवतरणं करावी लागतात. ए-320 तासाला साधारण अडीच टन इंधन जाळतं, त्यात विमानाचं भाडं, विम्याचा खर्च आणि विमानतळाचं शुल्क येतं. कंपनीकडे स्वतःचं विमान असतं, ती रात्रीच्या मोकळ्या वेळात एकामागून एक अनेक नवशिक्यांचं हे काम उरकते. प्रशिक्षण संस्थेकडे बहुधा फक्त सिम्युलेटर असतो. म्हणून कमी दराच्या कोर्समध्ये बेस ट्रेनिंग वगळलेलं असतं, आणि स्किल टेस्ट पास होऊनही रेटिंग परवान्यावर चढत नाही. संस्थेला हा एकच प्रश्न लेखी विचारा: ‘18 लाखांत बेस ट्रेनिंग धरलं आहे का, कुठल्या विमानावर, आणि कोणत्या महिन्यात?’ गोलमोल उत्तर आलं तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. परदेशातल्या संस्थेबाबत आणखी एक खात्री करावी लागते. ती संस्था आणि तिथला तो विशिष्ट सिम्युलेटर, दोन्हीला डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) मान्यता असली पाहिजे. मान्यता नसलेल्या सिम्युलेटरवरचे तास इथे मोजले जात नाहीत.

मग शुल्क जीएसटीसह आहे का ते पाहा. वगळून असेल आणि 18 टक्के दर लागला तर 3.24 लाख वाढले, म्हणजे 21.24 लाख. परीक्षकाची फी, डीजीसीएचं शुल्क, दीड-दोन महिन्यांचं राहणं-खाणं, एखादं जादा सत्र आणि वेगळं लावलेलं बेस ट्रेनिंग धरलं की 25 लाखांची तयारी ठेवूनच बसावं लागतं.

पैसे भरून रेटिंग आलं तरी ते घरातल्या भांड्यासारखं फळीवर ठेवता येत नाही. कंपनीतल्या वैमानिकाची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर प्रावीण्य तपासणी होते, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी दरवर्षी असते. नोकरीविना वर्ष गेलं की रेटिंग कागदावर राहतं, पण भरती करणारी कंपनी ‘अलीकडे या विमानावर काय केलं?’ विचारते. ते ताजं ठेवायला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे. शिवाय, रेटिंग असलं तरी त्या विमानावर प्रवासी उड्डाणाचा एक तासही नसतो. कंपनीने घेतल्यावर देखरेखीखालची उड्डाणं आणि लाइन चेक (प्रवासी उड्डाणावरची तपासणी) व्हायचाच असतो, म्हणजे कंपनीचा खर्च पूर्ण वाचत नाही. बाजारात मंदी आली की हाच उमेदवार रांगेत सर्वांत मागे जातो. 2012 मध्ये किंगफिशर, 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज, मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा प्रत्येक वेळी रेटिंग आणि शेकडो-हजारो तासांचा अनुभव दोन्ही असलेले वैमानिक एकदम नोकरी शोधायला बाहेर पडले. त्यांच्यासमोर शून्य तासांचं विकतचं रेटिंग टिकत नाही.

‘नोकरी पक्की’ हे वाक्य प्रशिक्षण संस्थेला म्हणण्याचा अधिकारच नाही. निवड विमान कंपनी करते, तिची लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि सिम्युलेटर तपासणी वेगळी असते. कंपनीचं सशर्त निवडपत्र आधी आणि त्या पत्रात सांगितलेल्या संस्थेत पैसे नंतर, हा क्रम असेल तर स्वखर्चाचा विचार करता येतो. ‘आधी टोकन भरा’ म्हणणाऱ्या एजंटला रोख पैसे देऊ नका. संस्थेच्या खात्यावर, बिल घेऊन, टप्प्याटप्प्याने भरा.

आता कर्ज. 20 लाख रुपये, 11 टक्के, 10 वर्षं धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे 27,550 रुपये येतो आणि एकूण फेड 33 लाखांच्या आसपास जाते. नोकरी लागायला दीड वर्ष लागलं तर त्या काळाचं नुसतं सरळ व्याज 3.30 लाख. सीपीएलच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर आहेच. कारखान्याचं बिल गाळप हंगामात येतं, हप्ता मात्र बारा महिने जातो, हा मेळ आधी कागदावर बसवा.

आपल्या भागात तारणाची अडचण ठरलेली असते. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेलं की बँका सहसा तारण मागतात, आणि तिथे ऊसाच्या शेताचा उतारा पुढे केला तर उपयोग होत नाही. शेतजमिनीवरची वसुली 2002 च्या सरफेसी कायद्याच्या (ज्याने बँक कोर्टात न जाता तारण विकू शकते) बाहेर आहे, म्हणून बँकांना घर, प्लॉट किंवा एन.ए. झालेली जागाच हवी असते. सिटी सर्व्हेचा उतारा आणि इ.सी. (जागेवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) तयार असेल तर काम पुढे सरकतं. प्रत्येक बँक टाइप रेटिंगला शैक्षणिक कर्जात धरते असंही नाही, आधीच्या सीपीएल कर्जाला जोडून मिळेल का ते शाखेत विचारा. तिथे नकार मिळाला की लोक सौहार्द सोसायटीकडे (सहकारी पतसंस्थेकडे) वळतात. ते कर्ज पटकन मिळतं, पण व्याज जास्त असतं, आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात 8 वर्षं जी वजावट मिळते ती सोसायटीच्या कर्जाला लागू होत नाही. (बँकेच्या कर्जालाही ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते.)

बाँडकडे वळू. इथे रकमेपेक्षा तिची उतरण महत्त्वाची. 24 लाख, 60 महिने. समजा 27 महिन्यांनी मुलीला नोकरी सोडावी लागली. दर महिन्याला सारखी रक्कम कमी होत असेल, म्हणजे महिन्याला 40,000, तर उरलेल्या 33 महिन्यांचे 13.20 लाख देणं लागतं. वर्ष पूर्ण झालं तरच उतरण असेल, तर दोनच वर्षं मोजली जातात आणि देणं 14.40 लाख होतं. बाँडमध्ये उतरणीचा शब्दच नसेल तर 59 व्या महिन्यातही 24 लाख. आता बाँडच्या मुदतीचं घड्याळ कधी सुरू होतं ते पाहा. ‘रुजू झाल्यापासून’ असेल तर ठीक. ‘लाइनवर रिलीज झाल्यापासून’ (म्हणजे नियमित प्रवासी उड्डाणांवर मोकळं सोडल्यापासून) असेल आणि त्याला 8 महिने लागले, तर 27 महिन्यांपैकी 19 च मोजले जातील आणि महिनेवारी उतरणीतही देणं 16.40 लाखांवर जाईल. सिम्युलेटरची तारीख कंपनीने उशिरा दिली तर तो उशीर मुलीच्या खात्यावर का पडावा? म्हणून घड्याळ रुजू तारखेपासून, किंवा निदान रेटिंग परवान्यावर चढल्या तारखेपासून सुरू करायची मागणी करा. खर्चाच्या तारखेपासून 12 टक्के व्याज असं एखादं कलम मागच्या पानावर असेल, तर 24 लाखांवर 27 महिन्यांचे आणखी 6.48 लाख वाढतात. ते कलम काढून घेण्यासाठी आग्रह धरा.

पुढची कलमं निवांत वाचा. मेडिकल अनफिट झाल्यास काय? वैमानिकाची नोकरी क्लास-1 मेडिकलवर (वैद्यकीय पात्रतेच्या दाखल्यावर) टिकते, आणि कायमचं अनफिट होणं ही नोकरी सोडणं नव्हे. तिथे देणं शून्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तात्पुरतं अनफिट आणि बाळंतपणाची रजा या काळात घड्याळ थांबतं की चालू राहतं, हेही. मुलीसाठी हे कलम फार महत्त्वाचं आहे आणि विचारायला लाजू नये. प्रशिक्षणात नापास झाल्यास पूर्ण रक्कम लागते की झालेला खर्च? कंपनीनेच नोकरीवरून कमी केलं, पगार थकवला किंवा कंपनी बंद पडली, तर बाँड संपतो असं लिहिलं आहे का? कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तर बाँड नव्या कंपनीकडे जातो का? 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात आणि एआयएक्स कनेक्ट एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली, म्हणजे हे कलम नुसतं शोभेचं नाही. आणि एटीआरवरून ए-320 वर पाठवलं, किंवा पुढे कमांडर केलं, तर नवा बाँड जुन्याच्या डोक्यावर बसतो का? बसत असेल तर जुन्याची उरलेली रक्कम नव्यात विरघळली पाहिजे. दोन बाँड एकत्र वाढत गेले तर माणूस दहा-दहा वर्षं अडकतो.

काही कंपन्या रेटिंगचे पैसेही घेतात आणि बाँडही. तिथे एक गोष्ट ठामपणे विचारावी: कंपनीने स्वतःच्या खिशातून नेमकं काय खर्च केलं? तेवढ्याचाच बाँड मान्य करावा. पगारातून वर्षा-वर्षाने परतफेड देणारी योजना असेल तर परतफेडीची तारीख आणि रक्कम नेमणूकपत्रात हवी, तोंडी नको.

कायद्याचं म्हणाल तर ‘बाँड बेकायदेशीर असतो, कोर्टात टिकत नाही’ या ऐकीव गोष्टीवर सही करू नका. 1967 मध्ये निरंजन शंकर गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात, प्रशिक्षण दिलेल्या कर्मचाऱ्यावर नोकरीच्या मुदतीपुरतं घातलेलं बंधन सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं. मे 2025 मध्ये विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या निकालातही 3 वर्षांच्या सेवेचा, 2 लाखांचा बाँड टिकला. दुसऱ्या बाजूने, करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, आणि मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून कंपनीचा प्रत्यक्ष खर्च, झालेली सेवा आणि उरलेला काळ याचे कागद जपून ठेवणाऱ्याची बाजू बळकट राहते. सिम्युलेटरच्या सत्रांची नोंद, कंपनीने संस्थेला दिलेल्या पैशाचा उल्लेख असलेले ई-मेल, लॉगबुकच्या प्रती घरी एका फायलीत ठेवा.

खटला कुठे चालणार, हे बेळगावच्या माणसाने सर्वांत आधी पाहावं. करारात गुरुग्राम, दिल्ली किंवा मुंबईचं न्यायालय लिहिलेलं असतं. एप्रिल 2025 मध्ये राकेश कुमार वर्मा विरुद्ध एचडीएफसी बँक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या करारातलं असं कलम वैध मानलं. म्हणजे बेळगावच्या कोर्टात किंवा धारवाड खंडपीठात दाद मागू, हा भरवसा धरू नये.

बाँड आणि नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे बरेच जण फसतात. डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार सहवैमानिकाला 6 महिन्यांची आणि कमांडरला 1 वर्षाची नोटीस द्यावी लागते. बाँडचे पैसे भरले म्हणून नोटीस माफ होत नाही. 2023 मध्ये नोटीस पूर्ण न करता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध अकासा एअर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. पुढची कंपनी आधीच्या कंपनीचं ना-हरकत पत्रही मागते. एक दिलासा मात्र आहे. बाँडची रक्कम परत करताना त्यावर जीएसटी लावता येत नाही, असं ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. हिशेबात 18 टक्के जोडलेले दिसले तर ते दाखवून द्या.

कोऱ्या, सही केलेल्या धनादेशाला साफ नकार द्या. धनादेश परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी खटला होतो, त्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. द्यावाच लागला तर रक्कम लिहून, मागे ‘अमुक तारखेच्या बाँडची सुरक्षा’ असं लिहून, आणि पोच घेऊन. मूळ गुणपत्रिका किंवा परवाना ठेवून घेतो म्हणाले तर साक्षांकित प्रती द्या.

राहिली वडिलांची जामीनदार म्हणून सही. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. कंपनी आधी मुलीकडे मागेल, मग आमच्याकडे येईल, असा क्रम बांधलेला नाही. म्हणून जामिनाची रक्कम बाँडच्या उतरणीबरोबर कमी होत जाईल, आणि मुलगी कायमची अनफिट झाली किंवा काही बरं-वाईट झालं तर जामीन संपेल, ही दोन वाक्यं सहीआधी घालून घ्या. कंपनीच्या छापील नमुन्यात बदल होत नाही असं सांगतील. बाँडच्या मूळ कलमांत बहुधा होतही नाही, पण मनुष्यबळ विभागाकडून ई-मेलवर खुलासा मागितला तर तो मिळतो, आणि तो लेखी खुलासा पुढे कामाला येतो. सहीसाठी ‘आजच’ म्हणून घाई केली तर मसुदा मागून दोन दिवस घ्या आणि करारांचं काम करणाऱ्या बेळगावातल्या वकिलाला दाखवा. फौजदारी वकिली करणारे नातेवाईक यासाठी पुरत नाहीत.

निवड होईपर्यंत मुलीने इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मेडिकलची तारीख उलटू देऊ नये. आजच्या घडीला 18 लाखांपेक्षा त्या दोन तारखा सांभाळायला लागणारे पैसे बाजूला काढणं जास्त गरजेचं आहे.